फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात दोन दिवस आहेत, तर कुठे काय खावं?

सुरुवात ला पाझच्या बाजारातूनच करा, तीही सकाळी आणि रिकाम्या पोटी. ला पाझ बॅचॉय हे नूडल्सचं सूप या भागाच्या नावानेच ओळखलं जातं: मिकी नूडल्स, डुकराचं मांस नि काळीज, वरून चुरलेलं चिचारोन (डुकराची कुरकुरीत तळलेली कातडी) आणि तळलेला लसूण. खरी जान रश्शात असते. वाटी अर्धी झाली की आणखी रस्सा मागा. बऱ्याच ठिकाणी तो फुकट मिळतो. सोबत पुतो, म्हणजे तांदळाचा वाफवलेला गोडसर पाव, बुडवून खा. बॅचॉयच्या नावाजलेल्या दुकानांपैकी नेतोंग्स बाजारातच आहे. टेड्स 1945 पासूनचं. माझं मत विचाराल तर बाजारातला बाकडाच बरा, कारण शेजारी रोजची गिऱ्हाइकं जेवत असतात. बाजारातल्याच जुन्या मॅज कॅफेत नंतर कॉफी घ्या.

दुपारी केबीएल हा रस्सा शोधा: कादयोस, बाबोय, लांका. कादयोस म्हणजे आपली तूरच, बाबोय डुकराचं मांस, लांका कच्चा फणस. आंबटपणासाठी बातवान हे फळ घालतात आणि ते कोकमाच्याच गणातलं! परक्या गावात पहिल्या घासाला इतकं ओळखीचं काही लागलं की फार बरं वाटतं.

मोलो भागात पान्सित मोलो प्या. नाव पान्सित असलं तरी ते नूडल्स नव्हे, सारणाच्या पाऱ्यांचं सूप आहे.

2023 मध्ये युनेस्कोने इलोइलोला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं, ते उगाच नाही.

शाकाहारी असाल तर ऑर्डर देण्याआधीच स्पष्ट सांगा. भाजीतही कोळंबीची चटणी असू शकते.