रेडिएशननंतर पीएसए पुन्हा वाढला : शस्त्रक्रिया की हार्मोनची इंजेक्शने?

आपल्या वडिलांचे वय ६८, प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगावरील रेडिएशनला चार वर्षे झाली, पीएसए (या ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण) ०.४ पर्यंत उतरून आता २.९ झाला, एक डॉक्टर ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया सुचवतात, दुसरे इंजेक्शने, तर ऐकावे कोणाचे, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात हाच पेच पडला, तेव्हा जे समजून घेतले ते लिहितो.

रेडिएशननंतरच्या नीचांकापेक्षा पीएसए २ नॅनोग्रॅमने वाढला की आजार उलटला असे धरतात. वडिलांसाठी ती मर्यादा २.४ होती. मात्र आजार नेमका कुठे आहे हे या आकड्यावरून कळत नाही, आणि निर्णय त्यावरच अवलंबून आहे. पीएसएमए पेट स्कॅन (या कर्करोगाच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते दाखवणारी तपासणी) व एमआरआयमध्ये तो ग्रंथीपुरताच दिसला आणि बायोप्सीनेही तसे सिद्ध झाले, तरच शस्त्रक्रियेला अर्थ आहे. रेडिएशनने ग्रंथी व गुदाशय यांमधील पेशीजाल चिकटून कडक झालेले असते; त्यामुळे गुदाशयाला इजा होणे, मूत्रमार्ग आकसणे आणि लघवीवरील ताबा जाणे हे धोके पहिल्यांदाच होणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा बरेच अधिक असतात. आम्हाला हे तिसऱ्या भेटीत सांगण्यात आले. आपण पहिल्याच भेटीत विचारा.

हा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. इंजेक्शने त्या हार्मोनची निर्मिती थांबवतात. वृषणे काढण्याची छोटी शस्त्रक्रियाही तेच काम कमी खर्चात, पण कायमचे करते. यातून आजार दबतो, समूळ जात नाही. अंगातून गरम वाफा येणे, स्नायू व हाडे झिजणे, साखर वाढणे हे भावाने सोसले आहे. म्हणून इंजेक्शने मध्ये थांबवून पुन्हा सुरू करता येतील का, हे अवश्य विचारा. रेडिएशननंतर पीएसए वाढलेल्या १,३८६ रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खंड पाडून उपचार घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण त्यानंतर ८.८ वर्षांहून अधिक जगले, तर सलग घेणाऱ्यांपैकी निम्मे ९.१ वर्षांहून अधिक. म्हणजे फरक फारसा नव्हता.

पीएसए दुप्पट व्हायला किती काळ लागतो, हेही पाहतात. तो नऊ महिन्यांहून कमी असेल तर दिरंगाई नको; काही वर्षांचा असेल तर नुसते लक्ष ठेवणेही योग्य ठरू शकते. जाताना पीएसएचे सर्व जुने अहवाल तारखांसह एका कागदावर उतरवून न्या. भावाच्या डॉक्टरांनी तेवढ्यावरून आमच्यासमोरच हिशेब मांडला होता.