जुन्या सरकारी मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून काम करणं सुरक्षित असतं का?

तुमच्या धाकट्या बहिणीला मनोरुग्णालयात अधिपरिचारिकेची ऑर्डर आलीय, लालबागला घरी आई "तिथे मारतात, जाऊ नकोस" म्हणून रडतेय आणि तुम्ही विचारताय, पाठवावं का. मी परळची. अशाच एका जुन्या मनोरुग्णालयात 22 वर्षं काढली, नाव घेत नाही. पाठवा. फक्त त्याआधी काही गोष्टी तिच्या कानावर घाला.

मार बसतो का? बसतो. मला जोराचा एकदाच बसला. संध्याकाळची जेवणाची रांग, 60 बायकांच्या वॉर्डात मी आणि एक आया. रांगेत थांबलेल्या एका बाईला पुढे सरकवायला मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने वळून स्टीलचं ताट मारलं, भुवईवर चार टाके पडले. नंतर कळलं, सकाळी भेटायला येणारा तिचा भाऊ आलाच नव्हता आणि ती तेव्हापासून दाराशी येरझाऱ्या घालत होती. सकाळच्या पाळीने ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना वॉर्डाची माहिती देताना, हे सांगितलं नाही, वहीतही लिहिलं नाही. मी तिला कधी दोष दिला नाही. वहीत तेवढी एक ओळ असती तर मी आधी तिला बाजूला घेऊन बसले असते, ताटाचं मग बघितलं असतं.

म्हणून बहिणीला सांगा, ओव्हर घाईत घ्यायची नाही. कोण जेवलं नाही, कोणाची झोप झाली नाही, कोणाचं माणूस आलं नाही, हे विचारायचंच. मागून हात लावायचा नाही. समोरून, नावाने हाक मारून, हातभर अंतर ठेवून बोलायचं आणि बाहेर पडायची वाट आपल्या बाजूला मोकळी ठेवायची. गळ्यात ओळखपत्राची दोरी नको, लोंबती कानातली नकोत. बाकी आईला वाटतं तसं तिथे कोणी अंगावर धावून येत नाही. बहुतेक बायका गप्प असतात, घाबरलेल्या असतात.

मला खरी भीती वाटायची ती इमारतीची. ब्रिटिशांच्या काळातली ही बांधकामं माणसं कोंडून ठेवायला केलेली. जाड भिंती, लांब व्हरांडे, सिस्टरच्या टेबलावरून निम्मा वॉर्ड दिसत नाही. कुलूप प्रत्येक दाराला वेगळं. एका रात्री वीज गेली आणि मला अंधारात किल्ली सापडेना. दुसऱ्या दिवशी मी जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीला सुतळी बांधली: एक गाठ व्हरांड्याच्या दाराची, दोन गाठी मागच्या, तीन फाटकाच्या. तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागी 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले 28 रुग्ण त्यात गेले. ते वाचल्यापासून किल्ल्यांचा जुडगा मी कधी टेबलावर ठेवला नाही.

आता बांधण्याबद्दल, कारण नव्या मुलीवर पहिल्याच महिन्यात ही वेळ येते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली आहे. रुग्णाकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला त्याच क्षणी इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा इलाज उरला नसेल, तरच त्याला आवरून ठेवता येतं. तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण आणि वेळ केसपेपरवर लिहून आणि सतत लक्ष ठेवून. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. स्टाफ कमी आहे म्हणूनही बांधता येत नाही, हे कलम 97 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. रात्री दोघींवर वॉर्ड सोडला की "बांधून टाका, म्हणजे झोपतील" असं कोणीतरी म्हणतंच. तेव्हा तिने डॉक्टरांना बोलवावं, गरज पडली तर ते इंजेक्शन देतील. आणि माणसं कमी आहेत हे मेट्रनला, म्हणजे मुख्य परिचारिकेला, प्रत्येक वेळी लेखी कळवावं, पोच घेऊन. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. मलाही मार बसल्यानंतर लेखी दिल्यावरच संध्याकाळच्या पाळीला आणखी एक आया मिळाली.

पहिल्या आठवड्यात तिने वॉर्डातल्या सगळ्यांची नावं पाठ करावीत आणि जुन्या आयांच्या मागे मागे फिरावं. कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, कोणाला चहात साखर जास्त लागते, हे त्यांना ठाऊक असतं. आईला वाटलं तर तिला माझ्याशी बोलायला सांगा, मी घरीच असते.