फास्टिंग चांगली येते म्हणून बाकीच्या टेस्ट टाळू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंना १२ वर्षांपासून शुगर आहे, दर महिन्याला फास्टिंग (सकाळी उपाशीपोटीची शुगर) करता, ११०-१२० येते, मग डॉक्टर एवढ्या टेस्ट कशाला लिहून देतात. मला स्वतःला बरीच वर्षं शुगर आहे आणि सासूबाईंचंही मीच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

फास्टिंग फक्त त्या सकाळचं सांगते. आदल्या रात्री कमी जेवलं की आकडा छान येतो. एचबीए१सी ही रक्ताची टेस्ट मागच्या साधारण ३ महिन्यांच्या सरासरी शुगरचं सांगते, ती कंट्रोल असेल तर ६ महिन्यांनी, गोळ्या बदलल्या असतील तर ३ महिन्यांनी करा. फक्त आईंचं हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण लोह कमी असलं की ही टेस्ट खोटी जास्त येऊ शकते.

पण मला खरं कळकळीने सांगायचंय ते किडनीबद्दल. बरेच जण नुसतं क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची टेस्ट) करतात आणि नॉर्मल आलं की निश्चिंत होतात, ते वाढायला लागतं तोवर किडनीचं बरंच काम कमी झालेलं असतं हो! त्याच्या कितीतरी आधी लघवीतून थोडं थोडं प्रोटीन जायला लागतं, ते युरिन एसीआर मध्ये, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन क्रिएटिनिनच्या तुलनेत किती ते बघणाऱ्या टेस्टमध्ये, दिसतं. ३० च्या आत (mg/g) हवं. वर्षातून एकदा ही टेस्ट कराच, चिठ्ठीवर नसेल तर स्वतः विचारा. जास्त आली तरी लगेच घाबरू नका, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तरी वाढते, म्हणून पुन्हा करून बघतात. खरंच वाढलेली असेल तर डॉक्टर बीपीच्या ठराविक गोळ्या देतात ज्यांनी किडनी सांभाळली जाते, म्हणजे वेळेत कळलं तर करण्यासारखं खूप असतं.

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ च्या टेस्टचं पण विचारा, या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात, पायाला मुंग्या येतात त्या प्रत्येक वेळी शुगरच्याच असतात असं नाही. तळपाय रोज तुम्हीच बघा, बोटांच्या मधे सुद्धा, संवेदना कमी झाली की जखम झालेली त्यांना कळणारच नाही.

आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा, नीट दिसत असलं तरीही. चष्म्याचा नंबर काढून घेणं म्हणजे ही तपासणी नाही, बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा बघतात. नंतर काही तास अंधुक दिसतं, उजेड सहन होत नाही, तेव्हा आईंना एकटं पाठवू नका आणि गॉगल बरोबर ठेवा.