कॉयरशिवाय, म्हणजे गाणाऱ्या समूहाशिवाय, नुसत्या विंड बँडवर (फुंकवाद्यं आणि तालवाद्यं) 'कार्मिना बुराना' ऐकण्यात अर्थ आहे का?

आहे. व्हायोलिनं नाहीत म्हणून तर अजिबात अडत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फनं जुन्या, बहुतेक लॅटिन कवितांवर केलेल्या या रचनेत तीच ती लय ठोकत राहते, स्वरांची गुंतागुंत फारशी नाही आणि बराचसा भार तालवाद्यांवर आहे. बँडला ते मानवतं.

म्युनिकजवळच्या एका हौशी बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवते. आम्ही जॉन क्रान्सनं बँडसाठी केलेली मांडणी बसवली होती. त्यात गाणारे नाहीत. ऑर्फच्या पंचवीस भागांतले तेराच घेतलेत, गाण्याच्या ओळीही आम्हीच वाजवायच्या. 'ओ फोर्तुना' या पहिल्याच भागात कॉयर जे कुजबुजतं, ते जिभेच्या ठोक्यांनी, दबक्या आवाजात वाजवून बघा, म्हणजे दमसास कळेल.

तालमीत मी म्हटलं, कार्यक्रमपत्रिकेत कवितांचं भाषांतर छापू. कंडक्टर म्हणाले, "गाणारंच कोणी नाही, तर शब्द कशाला?" अहो, या कवितांचं तेराव्या शतकातलं हस्तलिखित १८०३ साली इथल्याच बेनेडिक्टबॉयर्नच्या मठात सापडलं, आज म्युनिकच्या सरकारी ग्रंथालयात आहे, आणि इथल्याच श्रोत्यांना त्यातलं कडवंही कळू द्यायचं नाही? शेवटी ते पान जाहिरातींना गेलं. 'इन ताबेर्ना' हे दारूच्या गुत्त्यातलं गाणं. मालकीण पिते, मालक पितो, शिपाई पितो, पाद्री पितो, यादी संपतच नाही. आम्ही जीव तोडून वाजवलं आणि लोक प्रवचनाला आल्यासारखे गंभीर बसून राहिले. त्यांचा काय दोष?

माझी एक कॉयरवाली मैत्रीण म्हणते, शब्द काढले की नुसता सांगाडा उरतो. मी तिला विचारते, मग तुमच्या मैफलीला येणाऱ्या किती जणांना लॅटिन येतं? तेही पत्रिकाच वाचतात ना! म्हणून आधी कविता वाचा, मग बँड ऐका. वाद्यवृंदाचाच 'टांझ' हा भाग तर मुळातच बिनशब्दांचा आहे, तिथून सुरुवात करा.

हां, मूळ रचनेतलं भाजल्या जाणाऱ्या हंसाचं गाणं ऐकायचं असेल तर क्रान्सकडे ते नाही, मूळच ऐका. आणि बँडही हवा, कॉयरही हवं, तर मास किलेस यांची मांडणी आहे, तिच्यात गाणारे शाबूत आहेत. बसवणार असाल तर पत्रिकेचं पान मात्र आधीच अडवून ठेवा.