अंगणातले सोयरे : खारीला बोंडल्यात नको, तिच्याच माडावर सोडा

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. चवथीच्या आधी पाडेली आमच्या परसातल्या माडाचा शेंडा साफ करत होता, तेव्हा चुडतांबरोबर (झावळ्यांबरोबर) चानीचं, म्हणजे खारीचं, घरटं खाली आलं. आत डोळे मिटलेली दोन पिल्लं होती. एक दुसऱ्या दिवशी गेलं, दुसरं शेळीच्या दुधावर जगलं. आता ते घरभर धावतं, मुलीच्या दप्तरात झोपतं, शेंगदाणे आणि मारी बिस्किटं खातं, आमच्या मांजरीच्या पाठीवरसुद्धा चढतं. आमचे हे म्हणतात, येत्या रविवारी बोंडल्याला नेऊन सोडू, तिथे जंगल आहे. मुलगी रडते. सोडलं तर ते जगेल का? आणि कधी सोडावं?
– एक वाचक, बोरी

उत्तर : ताई, डोळे मिटलेलं पिल्लू वाढवायचं म्हणजे रात्री-अपरात्री उठून थेंब थेंब दूध पाजायचं. ते तुम्ही केलंत, दूध नाकात जाऊ न देता केलंत, म्हणून ते आज धावतंय. मुलीला माझी शाबासकी सांगा. पण येत्या रविवारी बोंडल्याला जाऊ नका.

पाठीवर तीन पट्टे असलेली ही खार माणसाच्या शेजाराची आहे. माड, पोफळी, फणस, कौलारू घराची आढी, हेच तिचं रान. बोंडल्याचं अभयारण्य ८ चौरस किलोमीटरचं, तिथल्या उंच झाडांवर शेकरू नांदतात. तुमच्या पिल्लाला तिथे ओळखीचं एकही झाड नाही, निजायला घरटं नाही, खाणं कुठे मिळेल याचा पत्ता नाही. शिवाय अभयारण्यात आपल्या मनाने कुठलाही प्राणी सोडता येत नाही. पिल्लू तुमच्या परसात जन्मलं, त्याचं गणगोत अजून तिथल्याच माडांवर आहे. त्याला तिथेच सोडायचं.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत कळवायचं असतं. तुम्ही कळवलं नसेल तर आजच जवळच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जा, पिल्लू कसं सापडलं ते सांगा. ते पिल्लू मागतील तर द्या, आणि हे पत्र त्यांना दाखवा. तुमच्याकडेच राहू दे म्हणाले, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

तुमच्या पत्रातलं मांजरीचं वाक्य वाचून मला धास्ती वाटली. तुमची मांजर त्याला काही करणार नाही, असं धरून चालू. शेजारची करील. मांजर म्हणजे चढायची पाठ, एवढंच हे पिल्लू आजवर शिकलंय. उद्या बाहेरच्या बोक्यासमोर ते पळणार नाही. म्हणून आजपासून मांजर आणि पिल्लू एकमेकांच्या नजरेला पडता कामा नयेत. पिल्लू घरातून बाहेर काढायचं, दप्तरातूनही.

त्यासाठी पिंजरा लागेल. गावातला वेल्डिंगवाला करून देईल : तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि माणसाएवढा उंच, कारण खारीला धावायला जागा लागते ती वरखाली. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, एक इंचाची नको. एक इंचाच्या जाळीतून लहान साप सहज आत शिरतो. तळालाही जाळी मारा, नाहीतर उंदीर खालून येतील. अर्ध्या छपरावर पत्रा आणि त्यावर चुडतं, अर्धं उघडं. सकाळचं ऊन थेट अंगावर यायला हवं, खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही. हाडं घट्ट व्हायला जे जीवनसत्त्व लागतं ते देणारे किरण काच अडवते. पिंजऱ्याच्या पायांना ग्रीस लावून ठेवा, हुमले (तांबड्या मुंग्या) चढले तर एका रात्रीत घात करतात. आणि पिंजरा ठेवायचा तो ज्या माडावरून घरटं पडलं त्याच्या आसपास, जिथे बाकीच्या खारी येतात-जातात तिथे. भारद्वाज दिसला, धामण दिसली की मोठ्या खारी शेपटी झटकत टिवटिवाट करतात. तो कधी आणि कशासाठी होतो, हे त्याला कानांनी शिकू दे. तुम्ही-मी ते शिकवू शकत नाही.

आता खाणं. बिस्किटं आज बंद. शेंगदाणे दिवसाला एक-दोन, तेही टरफलासकट. नुसत्या शेंगदाण्यांवर वाढलेल्या खारी माझ्याकडे मागचे पाय फरफटत आल्या आहेत. दाण्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे हाडं मऊ पडतात आणि साध्या उडीत मोडतात. तुमच्या परसात आणि वाटेवर जे मिळतं तेच द्या : पेरू, चिकू, जास्वंदीच्या कळ्या, माडाच्या पोयीचा (फुलोऱ्याचा) तुकडा, कोवळी पालवी. रूमडाची, म्हणजे उंबराची, पिकलेली फळं मिळाली तर फारच छान, आतल्या किड्यांसकट द्या. किडा फोडून खाणं हेही शिक्षणच आहे. समुद्रकिनाऱ्यावर माणकीच्या (स्क्विडच्या) जातभाईंचं पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं हाड सापडतं, ज्याला समुद्रफेस म्हणतात. ते दोन-चार दिवस गोड्या पाण्यात बुडवून, वाळवून पिंजऱ्यात अडकवा. कॅल्शियमही मिळतं आणि दातही झिजतात. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, कुरतडायला कठीण काही नसेल तर ते वाकडे वाढतात आणि तोंड मिटेनासं होतं. म्हणून करवंटी, आंब्याची बाठ, जांभळीची सालासकट फांदी आत हवीच. खाणं वाटीत वाढू नका. फांद्यांच्या बेचक्यात, सालीच्या फटीत खोचून ठेवा. शोधेल तेव्हा खाईल.

झोपायला वर, कोपऱ्यात, दोन इंचांच्या भोकाची लाकडी पेटी टांगा. ती रिकामीच ठेवा. नारळाची सोडणं (काथ्याची सालं) खाली टाका आणि लांबून बघत राहा. एक दिवस ते पिल्लू सोडणावर बसेल, दातांनी काथ्याची दोरी उपसेल, पुढच्या दोन्ही पंजांनी ती तोंडात कोंबत कोंबत गोळी करेल. मिशा बाहेर, बाकी सगळं तोंड काथ्याने भरलेलं, अशा अवस्थेत ते पेटीकडे धावेल. हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. ज्या दिवशी ते स्वतःच्या हाताने केलेल्या घरट्यात निजेल, त्या दिवसापासून तुमच्या कपड्यांची ऊब त्याला लागणार नाही.

राहिली तुमची मुलगी, आणि हे सगळ्यात अवघड आहे. पिंजऱ्यात गेल्यापासून पिल्लाला हात लावायचा नाही. नावाने हाक नाही, खांद्यावर घेणं नाही. खाणं एकट्या तुम्ही ठेवा, तेही ते उठायच्या आधी, पहाटे, न बोलता. मुलीला म्हणावं, तुझ्या पिल्लाला माणसाची भीती वाटायला लागली की ते वाचलं. शेजारच्या पोराच्या गलोलीपुढे जाऊन ते खांद्यावर उडी मारायला बघेल, तर काय होईल ते तिला कळण्याइतकी ती मोठी आहे. तिला काम द्या : रूमडाची फळं गोळा करणं, लांबून बघून वहीत लिहिणं, आज काय खाल्लं, कुणाला बघून पळालं. लळा तुटायला नको, त्याला फक्त लांबून जगता यावं.

कधी सोडायचं? तुमच्या हिशेबाने ते आता सात-आठ आठवड्यांचं आहे. दिवाळीपर्यंत अकरा-बारा होतील, वजनही मोठ्या खारीच्या जवळ, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास जाईल. पण नरकासुराच्या रात्री वाड्यावाड्यावर पहाटेपर्यंत स्पीकर वाजतात, मग फटाके. त्या गदारोळात नवखा जीव बाहेर नको. दिवाळी होऊ द्या, परतीचा पाऊस संपू द्या, सलग चार-पाच दिवस कोरडे दिसले की ठरवा.

दार उघडण्याआधी एक करा. शेजारच्या कुणाला तरी, ज्याला पिल्लू ओळखत नाही अशाला, पिंजऱ्याकडे चालत यायला सांगा. पिल्लू झटकन पेटीत शिरलं किंवा उंच जाऊन गोठून बसलं, तर तयार आहे. जाळीला येऊन चिकटलं तर अजून दोन आठवडे थांबा. ते थांबणं वाया जात नाही.

सोडायच्या दिवशी सकाळी ऊन वर आलं की दार उघडा आणि घरात जा. हाताने बाहेर काढू नका. काही दुपारपर्यंत दारातच बसतात, काही क्षणात माडावर दिसतात. पिंजरा, पेटी, खाणं जागेवरच ठेवा, दार उघडंच राहू द्या. पहिले काही दिवस ते रात्री निजायला परत येईल. खाणं तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत बंद करा. मोठ्या खारी त्याच्यामागे लागतील, हुसकावतील. मध्ये पडू नका, आपली जागा अशीच मिळवायची असते. एक दिवस पेटी रिकामी राहील. हाका मारत शोधू नका. नर असेल तर लांबही जाईल. जगेल का, असं विचारलंत. शंभर टक्के हमी कुणी देणार नाही, वाडीत जन्मलेल्या खारींचीही सगळी पिल्लं मोठी होत नाहीत. पण वाटीत खाऊन मांजरीवर चढणाऱ्या पिल्लापेक्षा या पिल्लाला कितीतरी जास्त संधी आहे, आणि ती तुमच्या हातात आहे.

प्रश्न : काल वादळात पडलेलं खारीचं पिल्लू सापडलं तर लगेच गायीचं दूध द्यावं का?
– एक शिक्षक, वाळपई

उत्तर : नको. आधी ऊब द्या : कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. थंडगार पिल्लाला काहीही पाजलं तर पचत नाही, फुप्फुसात जातं. जखम नसेल तर पिल्लू उबदार खोक्यात घालून त्याच झाडाच्या बुंध्याला, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर बांधा आणि दूर व्हा. आई जिवंत असेल तर बहुधा दिवसाउजेडी येऊन तोंडात धरून नेते. खारीचं सगळं काम दिवसाचं, म्हणून अंधार पडायच्या आत ती आली नाही तर पिल्लू घरात घ्या. ऊब आल्यावर कोमट ओआरएसचे थेंब जिभेवर, पोट खाली ठेवून, कधीही पाठीवर उताणं नाही. गायीच्या दुधाने जुलाब होतात, लहान पिल्लू जुलाबाने झपाट्याने कोसळतं. तोवर वनखात्याला आणि जवळच्या पशुवैद्यांना फोन करा. आणि पिल्लू तांबूस, लांब शेपटीचं, शेकरूचं वाटलं तर काहीही पाजत बसू नका. ऊब द्या आणि सरळ वनखात्याच्या हवाली करा.