ऑटिझमवरचा असा एखादा टीव्ही सिनेमा आहे का ज्यात उगाच रडवलेलं नाही?

आहे की, 'टेम्पल ग्रँडिन'. 2010 चा, एचबीओने टीव्हीसाठीच बनवलेला, टेम्पल ग्रँडिन नावाच्या खऱ्या ऑटिस्टिक बाईवरचा. माझा भाचा ऑटिस्टिक आहे, नऊ वर्षांचा, त्यामुळे असल्या सिनेमांत हळवा पियानो सुरू झाला की मी रिमोट शोधायला लागते, हा मात्र दोनदा पाहिला.

ह्यातली टेम्पल बिचारी वगैरे नाहीये, मोठमोठ्याने बोलते, कधीकधी डोक्यात पण जाते (क्लेअर डेन्सने काय काम केलंय, टीव्हीचा एमी पुरस्कार उगाच नाही मिळाला). आणि तिचं डोकं कसं चालतं ते आतून दाखवलंय, म्हणजे कोणी म्हणालं आम्ही कोंबड्यांबरोबर उठतो, की तिला ते तसंच्या तसं डोळ्यासमोर दिसतं. मला हसूच आलं, कारण ताई ओरडली घर डोक्यावर घेऊ नकोस, तर आमचा पठ्ठ्या छताकडे बघत बसलेला.

आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यासमोर खोडा असतो ना, तसलाच दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा खोडा अमेरिकेत ॲरिझोनात तिच्या आन्टीच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मवर असतो, त्यात गाय शांत होते हे टेम्पल बघते आणि स्वतः घाबरीघुबरी झाल्यावर सरळ त्यातच जाऊन उभी राहते. नंतर स्वतःसाठी तसं मशीनच बनवते. मिठी नको पण दाब हवा, हे कोणी भाषण न देता कळतं. पुढे ती गुरांच्या वाटेवरून स्वतः रांगत जाते, लोंबणारी साखळी, सावली, गुरं कशाला बिचकतात ते बघायला. मग गोचीड मारायच्या औषधाच्या हौदात गुरं न घाबरता उतरतील असा उतार बनवते आणि तिथले गडी शहाणपणा करून त्यावर गुळगुळीत पत्रा टाकतात, गायी बुडून मरतात. ती जाम भडकते, आणि आपण पण तिच्यासारखंच गायींसाठी भडकतो, तिची कीव करायला वेळच मिळत नाही.

एक खटकतं, बाई हुशार निघाली म्हणून सिनेमा निघाला, सगळी मुलं काही डिझाईन करणार नाहीयेत, आमचा तर अजून बुटाच्या लेसशी भांडतोय.

आईलाही देवी नाही केलेलं. त्या काळी डॉक्टर सरळ आईलाच दोष द्यायचे, तुम्ही माया लावली नाही म्हणून मूल असं झालं, तो सीन आहे त्यात. ताईने तिथे पॉज केलं, चहा टाकून आली, आणि तोच सीन मागे नेऊन परत लावला.