पुतळा होऊ नका, ताई

प्रश्न : आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घरचे दोन माग. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून सगळं मीच बघते. पुण्याचा दादा महिना महिना फोन करत नाही. दिव्यांग पेन्शनचा अर्ज कन्नडात, म्हणून तसाच पडलाय. स्टोइक म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या विचारांचे व्हिडिओ बघून ‘काही वाटूनच घ्यायचं नाही’ असं ठरवलं, आणि परवा दूध सांडलं म्हणून बाबांवरच ओरडले. मन घट्ट कसं करू?

उत्तर : ताई, ओरडलात म्हणून तुम्ही वाईट लेक ठरत नाही. बाबांना भरवायचं, कूस बदलून द्यायची, वर माग चालवायचा, माणूस थकणारच.

त्या व्हिडिओंनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. एपिक्टेटस हा स्टोइकांचा मोठा गुरू. जन्मानं गुलाम, पायानं अधू. पुतळ्यासारखं निर्विकार होऊ नये, मुलगा म्हणून, भाऊ म्हणून आपली नाती सांभाळावीत, असं त्यानंच शिष्यांना शिकवलं. भावाबद्दल तर तो थेट बोललाय. प्रत्येक गोष्टीला दोन मुठी असतात, एकीनं ती उचलते, दुसरीनं नाही. भाऊ चुकीचं वागला तर ‘अन्याय करतो’ ही मूठ धरू नका, ‘एका घरात वाढलोय’ ही धरा.

अन्याय मुकाट गिळा, असा याचा अर्थ मी घेत नाही. दादाला फोन लावा. ‘तुला कुणाची पडलेली नाही’ हे नको. औषधांचा महिन्याचा खर्च सांगा आणि नेमकं मागा : खर्चातला वाटा, नाहीतर दिवाळीत येऊन पंधरा दिवस बाबांजवळ राहणं. विचारणं तुमच्या हातात, हो-नाही त्याच्या. नाही म्हणाला तर रडू येईल. येऊ द्या.

रागावर उशीर हा मोठा उपाय, असं सेनेका हा दुसरा स्टोइक सांगतो. संताप घशाशी आला की बाबा नीट आहेत एवढं बघून दाराबाहेर जा. संध्याकाळी तासभर शेजारणीला बाबांपाशी बसायला सांगा. मागायला संकोच नको.

अर्जाचा त्रागा मला कळतो, सीमाभागात किती घरांत असे कागद पडून असतात! पण सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याच्यापायी बाबांचे हक्काचे पैसे अडकवू नका. गल्लीतल्या कन्नड लिहिणाऱ्या एखाद्या पोराला याच आठवड्यात बसवून अर्ज भरून घ्या, दिव्यांग प्रमाणपत्र जोडा, नाडकचेरीत, म्हणजे तिथल्या महसूल कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.